शेवटचा नंबर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांच्या आधी निंबाअप्पांचं नाव घेईन. आईलाही ते पटेल. आणि जे आता सांगतो आहे ते अप्पांना माहीत नाही. आईला नाही, बायकोला नाही. आजवर कोणाशीच बोललो नाही. बोलायला बसलो की दुसरंच काहीतरी सांगायचो — आजही तसंच होईल की काय, अशी भीती वाटते आहे. थोडं सांभाळून घ्या.

अप्पा मालेगावचे. टेम्पो चालवायचे. आग्रा रोडला टेम्पो स्टँड होता, तिथून कापडाच्या गाठी नाशिक, भिवंडीकडे जायच्या. माझे वडील लूमवर कामाला. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, आणि मी नाशिकला कॉलेजात शिकायला निघालो तेव्हा राहायची सोय झाली, जेवायची झाली नाही. मेस परवडणार नव्हती. अप्पा आमच्या गल्लीतले. ते आईला म्हणाले, "भाकरी तू कर वहिनी. पोचवायचं मनावर सोड." (मनावर म्हणजे माझ्यावर. अप्पांच्या बोलण्यात अहिराणी असायचीच.)

तेव्हापासून पदवी मिळेपर्यंत माझा डबा मालेगावहून नाशिकला आला. टेम्पोतून. रोज.

रोज अप्पाच आणायचे असं नाही. स्टँडवर नंबर असायचा. जो खेप करून परत येईल तो रांगेच्या शेवटी, आणि माल आला की पहिला नंबर निघणार. व्यापारी ओळखीचा असो, टेम्पो नवा असो की खटारा असो — पहिला म्हणजे पहिला. अप्पांचा नंबर नसला की ते डबा पहिल्या नंबरच्या हातात द्यायचे. नाशिकच्या द्वारका चौकात जाऊन मी थांबायचो आणि कुठला टेम्पो येतो ते बघायचो. निळ्या फडक्यात बांधलेला डबा खिडकीतून बाहेर यायचा. सगळ्या स्टँडला तो डबा माहीत होता. भाजी काय आहे हेसुद्धा माहीत असायचं, कारण वास गाडीभर सुटायचा.

सगळ्यात जास्त वेळा डबा आणला तो युसूफभाईंनी. अप्पांचे जिवलग. दोघांचा चहा एका बशीत. युसूफभाई डबा देताना म्हणायचे, "हा पोरगा अभ्यासावर नाही, मेथीवर पास होणार." आणि सुट्टीत मी स्टँडवर गेलो की अप्पांचा एकच प्रश्न — "डबा उना का रे रोज?" आला का. मी म्हणायचो, उना अप्पा. एवढंच आमचं बोलणं. पण ते एवढंच अजून कानात आहे. तो बाकडा, त्या डिझेलच्या वासातला चहा, युसूफभाईंचा रेडिओ. आज गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहितो आहे, पण जेवणाची आठवण निघाली की मी अजून द्वारकेलाच उभा असतो.

बघा, भरकटलो. आठवणी सांगणं सोपं आहे.

त्या स्टँडची एक गोष्ट अप्पा पुन्हा पुन्हा सांगायचे. फार पूर्वी मालेगावचा सगळा माल एका शेठच्या गाड्यांतून जायचा. मग काहींनी स्वतःचे टेम्पो घेतले. शेठनं काय केलं? भाडं इतकं खाली आणलं की डिझेलचाही खर्च निघू नये. त्याला तोटा सोसायची ताकद होती, यांना नव्हती. एकेकाचा टेम्पो विकला गेला — शेठनंच घेतला, भंगाराच्या भावात. आणि टक्कर द्यायला समोर कोणी उरलं नाही तेव्हा भाडं दुप्पट. जे पंधरावीस कसेबसे टिकले होते त्यांनी तेव्हा हा नंबर सुरू केला, म्हणजे कोणी कोणाला कापायचं नाही. तर शेठनं आणखी एक डाव टाकला. पहिल्या नंबरला नाही, शेवटच्या नंबरला माणूस पाठवला. ज्याला सगळ्यात जास्त वेळ थांबायचं आहे त्याला. म्हणाला, नंबर सोडून तू चल, जास्त देतो. त्या दिवशी शेवटचा नंबर होता तरुण युसूफभाईंचा. अप्पा सांगायचे, "सगळा स्टँड त्याच्याकडे बघत होता. तो उठला, त्या माणसाला पाणी पाजलं, आन् परत जागेवर बसला." युसूफभाई हसायचे. "अरे, पंधरा जणांच्या समोरून गाडी काढायची? कोणत्या तोंडानं?"

कॉलेजात आमच्या इतिहासाच्या सरांनी मक्तेदारी शिकवली. समुद्रापलीकडचा तो तेलाचा बादशहा — स्वस्त विकून शेजाऱ्याला बुडवायचं, बुडाला की विकत घ्यायचं, रेल्वेशी आतून सवलत ठरवायची. मी वर्गात बसून थक्क झालो. हा तर आमचा शेठ. मी त्यावर निबंध लिहिला, तेलाचा बादशहा आणि मालेगावचा शेठ शेजारी शेजारी ठेवून. त्याला बक्षीस मिळालं. अप्पांनी तो स्टँडवर मोठ्यानं वाचायला लावला, पेढे वाटले. युसूफभाई म्हणाले, "अप्पा, शेठ मेला नसता तर आता मेला असता." सगळे हसले. मला त्या दिवशी वाटलं होतं, आपण यांच्या बाजूचे आहोत. कायमचे.

हे सगळं का सांगतो आहे? कारण मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही. मला जेवढं माहीत होतं तेवढं त्या खोलीत कोणालाच नव्हतं.

कुठल्या खोलीत — ते सांगतो.

इकडेतिकडे काही वर्षं नोकरी केल्यावर मी एका कंपनीत लागलो. फोनवरून मालवाहू गाड्या बुक करून देणारी कंपनी. नाव सांगत नाही. नाशिक जिल्ह्यात काम वाढवायचं होतं आणि मी मालेगावचा, म्हणून मला घेतलं. स्टँडवर जाऊन मीच सगळ्यांच्या फोनमध्ये अॅप टाकून दिलं. टी-शर्ट वाटले. अप्पांनीही घेतला, अंगावर धरून बघितला. माझ्यासाठी, दुसऱ्या कशासाठी नाही.

आणि काम चाललंच नाही. का, ते कंपनीतल्या कोणाला कळेना. फोन कोणाचाही वाजो, तो माणूस माल पहिल्या नंबरला देऊन टाकायचा. अॅप म्हणायचं एक, गाडी जायची दुसरीच. आमचे मोठे साहेब पुण्याहून आले. बैठक बसली. पडद्यावर आकडे, नकाशे. साहेब विचारत होते, हे लोक असं का करतात? एवढ्या शिकलेल्या माणसांमध्ये मी प्रथमच असं काहीतरी जाणत होतो जे त्यांना माहीत नव्हतं. आणि मी बोललो.

मी नंबर समजावून सांगितला. शेठची गोष्ट सांगितली — अप्पांची गोष्ट, अप्पांच्याच शब्दांत. आणि पुढे म्हणालो, शेठची चूक एवढीच झाली की त्यानं स्टँडवर माणूस पाठवला. सगळ्यांच्या देखत. आपल्याला माणूस पाठवायची गरज नाही. जो उशिरा परत आलाय, ज्याचा उद्या शेवटचा नंबर आहे, ते आपल्याला फोनवर दिसतं. त्याला सकाळी घरीच फोन जाऊ दे. जास्त भाड्याचा. तो स्टँडवर येणारच नाही, सरळ गोदामात जाईल. त्याला कोणाच्या समोरून गाडी काढावी लागणार नाही.

मग साहेब म्हणाले, "ब्रिलियंट." टाळ्या वाजल्या. मला आनंद झाला. निबंधाच्या बक्षिसाच्या दिवशी झाला होता, तसाच.

पुढचं तुम्हाला सांगायला नको. एक गेला, मग दुसरा. पहिल्या नंबरवाले दिवसभर बसून राहायला लागले, तेव्हा तेही घरूनच निघू लागले. स्टँडवर गवत वाढलं. मग जास्त भाडं बंद झालं, आणि मग भाडंच उतरत गेलं. पायरी पायरीनं, अगदी शेठसारखं. फरक होता तो एकच. शेठचा बंगला मालेगावातच, कॅम्प भागात होता. त्यानं भाडं पाडलं तेव्हा अप्पा आणि दहाबारा जण त्याच्या ओसरीवर जाऊन बसले होते, आणि शेठला बाहेर येऊन त्यांच्याशी बोलावं लागलं होतं. आता टेम्पोवाल्यांनी कोणाच्या ओसरीवर जायचं? अप्पांनी मला फोन केला. "कोणाला भेटायचं ते तरी सांग." मी म्हणालो, अप्पा, हे सगळं वरून ठरतं, आमच्या हातात काही नसतं.

अप्पांनी मानलं. त्यांनी माझं सगळंच मानलं.

पण अजून मूळ गोष्ट सांगितलेली नाही. एवढंच असतं तर कदाचित मी गप्प राहिलो असतो.

नंबर मोडायला सुरुवात कोणी केली, ते स्टँडला शोधायचं होतं. युसूफभाईंचा टेम्पो जुना, हळू चालायचा, परतायला उशीर व्हायचा. म्हणजे शेवटचा नंबर बहुतेक त्यांचाच. त्या दिवसांत त्यांच्या बायकोचं दवाखान्यात चाललं होतं आणि ते स्टँडवर कमी यायचे. अप्पांनी हिशेब जुळवला. एकदा भेटलो तेव्हा म्हणाले, "शेठच्या येळेला नाही गेला. आता गेला. माणूस म्हातारा झाला की असंच व्हतं." पुढे काही नाही. शिवी नाही, भांडण नाही. चहा बंद. एका गल्लीआड राहून दोघं एकमेकांकडे बघत नाहीत, याला आता किती वर्षं झाली.

आणि मला माहीत होतं. माझ्या समोरच्या स्क्रीनवर दिसत होतं — युसूफभाईंना सकाळी फोन जायचा, ते नाकारायचे. रोज जायचा, रोज नाकारायचे. त्यांनी एकदाही घरून माल उचलला नाही. कोणी बघत नसताना, आपल्याच घरात बसून, बायको आजारी असताना नाकारलं. मी तेव्हा खोलीत हिशेब मांडला होता की लाजेचा प्रश्न सोडवला की माणूस रांगेतून सुटतो. तो माणूस सुटला नाही.

अप्पांना हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण मग अप्पांनी विचारलं असतं — तुला रे कसं माहीत? आणि तिथून सगळंच बाहेर आलं असतं. म्हणून मी म्हणालो, "होतं असं अप्पा." आणि चहा प्यायलो. त्यांच्या बशीत.

अप्पांनी टेम्पो विकला. मला बढती मिळाली. दिवाळीला मी दरवर्षी त्यांच्याकडे फराळ घेऊन जातो, आणि ते शेजारपाजारच्यांना सांगतात की हा पोरगा अजून विसरला नाही.

तोंडानं सांगायला मी तीनदा मालेगावला जाऊन परत आलो. शेवटी पत्र लिहिलं. अप्पांना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून मोठ्या अक्षरात. आज सकाळी पेटीत टाकलं. हे तुम्ही वाचाल तोवर त्यांच्या हाती पडलेलं असेल.

तीर्थस्वरूप अप्पांना,
साष्टांग नमस्कार.
स्टँडचा नंबर कसा मोडायचा ते कंपनीला मी सांगितलं. तुम्ही मला सांगितलेली शेठची गोष्ट मी त्यांना सांगितली, आणि शेवटच्या नंबरला घरी फोन करा हे मीच सुचवलं. वरून काही ठरलं नव्हतं.
युसूफभाई कधीच गेले नाहीत. त्यांना रोज फोन जायचा, ते रोज नाही म्हणायचे. मला ते तेव्हापासून माहीत आहे. तुम्ही त्यांच्याबद्दल बोललात तेव्हाही माहीत होतं.
डबा रोज आला, अप्पा. एक दिवसही चुकला नाही.
युसूफभाई शेवटपर्यंत नंबरातच उभे होते.