मागे न घेतलेला शब्द

माझी थोरली मावशी चर्चमधले झगे आणि वेदीवरची कापडं धुऊन इस्त्री करायची. तिची तान्ही मुलगी बाप्तिस्म्याआधीच गेली. पुढच्याच रविवारी पाद्रीसाहेब प्रवचनात म्हणाले, "बाप्तिस्मा न झालेल्या बाळांना स्वर्गात जागा नाही."

मावशी भर चर्चमध्ये उभी राहिली. "हे खोटं आहे!"

चर्चच्या पंचांनी तिला बोलावलं. "शब्द मागे घे, नाहीतर पाखंडी ठरशील."

"ठरवा की! तान्ह्या पोरीला हाकलणारा देव तुमचा असेल, माझा नाही."

तिचं काम गेलं, चर्चमध्ये भाकर-द्राक्षारसाचं प्रभुभोजन मिळणंही बंद झालं. माझी आई रडून म्हणाली, "ताई, तोंडदेखलं तरी चुकले म्हण ना!"

"देवासमोर तोंडदेखलं कसलं गं?"

दर रविवारी ती चर्चच्या पायरीवर बसून खणखणीत आवाजात प्रार्थना करायची. पाद्रीसाहेबांनी दार लावून घेतलं, तर तिने आवाज आणखी चढवला. एकदा सुताराची बायको तिच्याशेजारी येऊन बसली. तिचंही बाळ असंच गेलं होतं. मग आणखी बायका आल्या. हळूहळू सगळी पायरी भरली.

मावशी वारली तेव्हा पाद्रीसाहेब मातीला आले नाहीत. त्या बायकांनीच शवपेटी खांद्यावर घेतली आणि प्रार्थनाही त्यांनीच म्हटली.