बाकावरचा गोलरक्षक

मी आज जो काही आहे तो सिंगापूरच्या पासिर रिसमधल्या माझ्या घरमालक काकांमुळे, आणि विषुववृत्ताच्या इतक्या जवळ राहून थंडीवर एवढं प्रेम करणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. त्यांच्या फ्लॅटमध्ये एसी कायम सोळावर. काका हाफ पँटीत पेपर वाचत बसत आणि मी, त्यांचा भाडेकरू, आईने गावाहून दिलेली गोधडी पांघरून जेवायला बसे. "अरे, घाम येणं ही काय माणसाची अवस्था आहे?" असं ते मलाच विचारत.

लहानपणीच आईवडिलांबरोबर पुण्याहून कॅनडाला गेलेले काका तिथे आइस हॉकी शिकले, अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या संघाचे मुख्य गोलरक्षक झाले आणि पुढे व्यावसायिक खेळाडूही. नंतर बँकेच्या नोकरीने त्यांना सिंगापूरला आणलं, पण गोलरक्षक काही अंगातून गेला नाही. पकड घट्ट व्हावी म्हणून हॉकीच्या काठीला गुंडाळतात ती काळी कापडी पट्टी त्यांच्या घरात झाडूला, छत्रीला, डावाला आणि लाटण्याच्या दोन्ही टोकांना होती. सामन्याआधी गोलच्या खांबांना थाप मारायची त्यांना सवय. तशीच ते घराबाहेर पडताना दाराच्या चौकटीला मारत, डावीकडे एक, उजवीकडे एक. शेजारच्या चिनी आजींना ती आमची पूजा वाटे. त्या लिफ्ट धरून ठेवत आणि विचारत, "प्रेयर फिनिश ऑलरेडी?" निवृत्तीनंतर काका दर रविवारी बर्फाच्या रिंकवर लहान मुलांना हॉकी शिकवत, आणि पहिला महिनाभर फक्त पडायला शिकवत. "अंकल, व्हेन कॅन शूट? सो कोल्ड लाह!" असं कुणी कुरकुरलं की काका गंभीरपणे सांगत, "फर्स्ट फॉल नाइसली."

मला त्यांनी इंग्रजी बोलायला शिकवलं. तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकलेला मी घरातला पहिला पदवीधर. लिहायला सांगा, पानं भरीन. पण मुलाखतीत कुणी "टेल मी अबाउट युवरसेल्फ" म्हटलं की मी मनातल्या मनात व्याकरण जुळवत बसे. इथे आल्यावर वर्षभरातच माझी कंपनी बंद पडली. महिन्याच्या आत दुसरी नोकरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळून गावी परत जायचं होतं. काकांनी मला हॉलच्या भिंतीशी उभं केलं आणि टेनिसचे चेंडू फेकायला सुरुवात केली. एका चेंडूबरोबर एक प्रश्न. झेलता झेलता उत्तर द्यायचं.

"व्याकरण सोड, चेंडूकडे बघ! तोंड आपलं आपण चालतं."

"पण काका, मुलाखतीत चेंडू कोण फेकणार?"

"मग तर सोपंच आहे की!"

तीन आठवड्यांनी मला पाया लेबार भागातल्या एका ऑफिसात नोकरी मिळाली. घरातली एक फुलदाणी गेली, एवढंच.

स्वतःच्या व्यावसायिक कारकिर्दीबद्दल मात्र काका, आमटीत मीठ कमी आहे हे सांगावं तितक्या सहज सांगत. छोट्या गावातला, खालच्या लीगमधला संघ. दोन मोसम काका राखीव गोलरक्षक. मुख्य गोलरक्षकाला ना कधी ताप आला, ना कधी लागलं. राखीव गोलरक्षकाने सगळा जामानिमा चढवून बाकाच्या टोकाला बसायचं आणि दमलेले खेळाडू बर्फावरून परत आले की त्यांच्यासाठी कठड्याचं छोटं दार उघडायचं. दोन वर्षं काकांनी ते दार उघडलं. एकदाच, हातचा गेलेल्या सामन्याच्या शेवटच्या वीस मिनिटांसाठी प्रशिक्षकाने त्यांना आत पाठवलं. चार गोल झाले. उन्हाळ्यात कळवण्यात आलं की पुढचा करार नाही.

गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाने गणेशोत्सवात काकांचा सत्कार करायचं ठरवलं आणि स्मरणिकेत त्यांची ओळख लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी भरल्या मनाने लिहिलं, "दोन मोसम ते संघाचा आधारस्तंभ होते. कित्येक सामने त्यांनी एकहाती वाचवले." छापलेली प्रत मी मोठ्या अभिमानाने त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचली.

"हा कोण रे?"

"तुम्हीच, काका."

"ह्याला मी कधी भेटलो नाही." त्यांनी पान मिटलं. "मी जो होतो, तो सांगण्यासारखा नव्हता का?"

सत्काराला ते गेले नाहीत. माझ्याशी बोलत, पण शेजाऱ्याशी बोलावं तेवढंच. तिकडे हिवाळा लागताच, दरवर्षीप्रमाणे, ते बहिणीकडे कॅनडाला गेले. टॅक्सीत बसताना म्हणाले, "कुंड्यांना पाणी घाल." परत आल्यावर त्यांनी मला घरात ठेवलं असतं, ते मला माहीत होतं. पण पहिल्यासारखं? फोन करायचं धाडस होईना, म्हणून मी पत्र लिहिलं.

"तीर्थस्वरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मंडळाच्या पुढच्या स्मरणिकेसाठी दुरुस्ती लिहिली आहे. तुम्ही हो म्हटलंत तरच देईन. 'ते दोन मोसम राखीव गोलरक्षक होते. एकाच सामन्यात वीस मिनिटं खेळले. त्यांच्यावर चार गोल झाले.' एवढंच आहे.

गावी लोक मला सिंगापूरचा मोठा साहेब म्हणतात आणि मी त्यांना कधी थांबवत नाही. आभार मानायचे तर माणूस आधी मोठा करून दाखवावा लागतो, असं मला वाटत आलं. तुम्हाला मोठं करण्याच्या नादात मी तुम्हालाच खोडून टाकलं. माझं चुकलं.

इतकी वर्षं तुमच्या घरात राहिलो. पण त्या वीस मिनिटांत बर्फावर कसं वाटलं, हे एकदाही विचारलं नाही. आलात की सांगाल का? मी फक्त ऐकेन. लिहिणार नाही."