केबिनमधली मुकी बटणं

चूक माझी होती, हे आधी लिहितो. तीन वर्षं ती सुधाकररावांच्या नावाला चिकटून राहिली. त्यांना जाऊन आता पाच आठवडे झाले…

आमच्या कुकटपल्लीच्या ऑफिसला हरित इमारतीचं प्रमाणपत्र हवं होतं. त्यात एक अट अशी की, स्वतंत्र केबिनमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला आपल्यापुरती हवा कमी-जास्त थंड करता आली पाहिजे. अर्ज मी भरत होतो; एसीची देखभाल सुधाकररावांकडे होती. इथल्याच जुन्या चिक्कडपल्ली भागात वाढलेला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस. कुणी गार लागतंय म्हटलं की स्वतः स्टुलावर चढून जाळीला पुठ्ठा लावून द्यायचे. अर्जाआधी त्यांनी एकेका केबिनमध्ये बटण फिरवलं, जाळीखाली तळहात धरून दहा-दहा मिनिटं उभे राहिले आणि माझ्याकडे आले.

"साहेब, चार केबिनींत बटणं हायत, पण मागं तारच नाही. फिरवत बसा, फुगडी घातल्यागत!"

"जोडतील हो. नकाशात दाखवलंय ना?"

"नकाशाला घाम येत नाही, साहेब. सही नक्को करू. दोन दिवस थांबा."

मी थांबलो नाही. मुदत संपत आली होती. सगळी बटणं चालू आहेत असं लिहून सही केली. पुढे तपासणीला आलेल्या बाईंनी नेमकं त्यातल्याच एका केबिनमध्ये बटण फिरवलं आणि वाट पाहत उभ्या राहिल्या. आम्हीही उभे… हवा तशीच. माहिती देखभालीकडूनच आली असणार असं धरून आमचे संचालक सर्वांसमोर ओरडले, "सुधाकर, न तपासता कळवलंत तुम्ही?" सुधाकररावांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी कागद चाळत राहिलो. महिन्याभरात त्यांना गोदामात पाठवलं. तरी जिन्यात भेटले की "बरं हाय ना, साहेब?" असं विचारायचे, आणि मी घाईत असल्यासारखा पुढे सटकायचो. उद्या बोलू, उद्या बोलू… मग एका सकाळी ते हृदयविकारानं गेल्याचीच बातमी आली.

ऑफिसातल्या शोकसभेला त्यांच्या पत्नी सुमनवहिनी आल्या होत्या. संचालक म्हणाले, "माणूस फार चांगला. ती एक चूक सोडली, तर…" वहिनींनी मान खाली घातली.

मी उठलो.

"ती चूक त्यांची नव्हती. सही करू नका, असं त्यांनी मला सांगितलं होतं. सही मी केली. त्यांना बोल लागला तेव्हा गप्पही मीच बसलो." मग वहिनींकडे वळलो. "हे ते असताना, याच लोकांसमोर बोलायला हवं होतं. वहिनी, मला माफ करा."