बिनआवाजाचा कॉम्प्युटर

आमच्या ताईंना स्वतःसाठी काही घ्यायचं झालं की आधी दुसऱ्या कोणाचं तरी नाव पुढे करावं लागतं. चष्म्याचा नंबर वाढला तरी कितीतरी महिने तशाच डोळे बारीक करून बसल्या. शेवटी बदलला तेव्हा कारण काय सांगितलं, तर आईच्या औषधांवरची अक्षरं नीट दिसत नव्हती. नवी चप्पल घेतली तर जुनी फटफट वाजायची आणि आईची झोप मोडायची म्हणे. मला कधीकधी इतका राग येतो! म्हणावं, घ्या ना एकदा सरळ, हवीय म्हणून घेतली असं सांगा, कोण फासावर देतंय तुम्हाला?

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. आम्ही एकाच घरात राहतो. पुढच्या खोलीत त्यांचं काम, मागच्या खोलीत आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मधल्यात आम्ही दोघं. ताई घरबसल्या दुसऱ्यांची घरं सजवतात. सुतार आणि कंत्राटदार मापं पाठवतात, ताई कॉम्प्युटरवर ती खोली उभी करतात, त्यात कपाटं, ओटा, दिवे, पडदे बसवतात आणि मग एक बटण दाबतात. त्याला रेंडर लावणं म्हणतात. मग मशीन उजेड कुठून येतो आणि सावली कुठे पडते याचा हिशेब करत बसतं, आणि शेवटी अगदी फोटोच वाटावा असं चित्र तयार होतं. गिऱ्हाईक ते बघूनच हरखतं. ताईंच्या स्वतःच्या कपाटाचं दार मात्र नाडीनं बांधलेलं आहे.

जुन्या कॉम्प्युटरला रेंडर लागलं की दुसरं काही सुचायचं नाही. माऊससुद्धा हलायचा नाही. आणि त्याचा तो पंखा! आधी घरघर, मग असा काही ओरडायचा की शेजारीण एकदा विचारून गेली, गिरणी टाकलीत का म्हणून.

पंखा ओरडायला लागला की मागच्या खोलीतून आईंची हाक ठरलेली. "अगं ए, आहेस का?" आईंची दृष्टी अधू, गुडघे कामातून गेलेले, वॉकर आणि सोबत माणूस असल्याशिवाय चालणं नाही. एरवी ताई कामाला बसल्या की आई अगदी चिडीचूप. पण पंखा लागला की त्यांना पाणी हवं असायचं, बाथरूमला जायचं असायचं, खिडकी उघडून हवी असायची. ताई उठायच्या. सगळं करायच्या, केस विंचरून द्यायच्या, तिथेच पलंगावर टेकून काहीबाही बोलत बसायच्या. पंखा थांबला की परत खुर्चीत.

आम्ही सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ लावला: आईंना तो आवाज सहन होत नाही.

"तोंडानं बोलत नाही ती," ताई म्हणायच्या, "पण बघ ना, पंखा लागला की लगेच अस्वस्थ होते. माझ्या कामापायी तिच्या डोक्याला ताप." हे बोलताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू आईंच्या कानाशी बसून त्याच भोंगा वाजवत होत्या.

मग एक दिवस जुनं मशीन ऐन रेंडरमध्ये मान टाकायला लागलं. एकदा, दोनदा, रोजच. आणि आमच्या ह्यांना स्फुरण चढलं. हे नोकरीला मालवाहतुकीच्या कचेरीत, दिवसभर पावत्या फाडतात. पण लोक सिनेमे बघतात तसे हे कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचे व्हिडिओ बघतात. दुकानातून कोटेशन घेऊन आले आणि जेवायच्या टेबलावर अंथरलं. आकडा बघून मला ठसकाच लागला.

"अहो, ह्यात एक बरी सेकंडहँड गाडी येईल!"

"गाडीत रेंडर होतं का?" हे म्हणाले. "हा प्रोसेसर बघ. जुन्याच्या कितीतरी पट काम ओढतो. मेमरी भरपूर. आणि हे ग्राफिक्स कार्ड, खरी जादू ह्याचीच. तिचं अर्ध्या सकाळचं रेंडर चहा होईपर्यंत संपेल."

"ठीक आहे," मी म्हटलं. "प्रोसेसर घ्या, कार्ड घ्या, मेमरी घ्या. कामाच्या वस्तू आहेत, पैसे वसूल होतील. पण हे खाली काय लिहिलंय? पाण्यावर चालणारं कूलिंग? आणि हा डबा? नुसत्या डब्याला एवढे पैसे?"

"डबा नाही, कॅबिनेट. आतून फोम लावलेला असतो, आवाज अडवतो. पंखे मोठे आणि संथ. अजिबात ऐकू येत नाही."

"साधा पंखा, साधा डबा घातला तर चित्र वाकडं येतं का?"

"चित्र तेच येईल."

"मग झालं तर!" मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. आतली गोळी तीच आणि रंगीत खोक्याचे पैसे वेगळे, हे मला कोणी शिकवायला नको. "तेवढं खोडा आणि बाकीचं आणा."

 ताई इतका वेळ कोटेशनची कड बोटानं दुमडत बसल्या होत्या. त्यांना ते मशीन हवं होतं, मला दिसत होतं ना! पण तोंडातून निघाला तो भलताच सूर. "नकोच एवढं महाग. जुन्याचंच काहीतरी करून बघू. माझ्यासाठी कशाला?"

"तुझ्यासाठी नाही, आईसाठी," हे म्हणाले. "तिला शांतता मिळेल."

बस्स. ताईंचा चेहरा एकदम मोकळा झाला. ज्या वस्तूवरून मी भांडत होते, नेमकी तीच त्यांना परवाना देऊन गेली. वेग स्वतःसाठी घेतला तर ती चैन, शांतता आईसाठी घेतली की ते कर्तव्य. मीही मग हात टेकले. आणि खरं सांगायचं तर आमच्या ह्यांचंही तसंच आहे. आईंचं उठणं-बसणं सगळं बहिणीवर टाकून आम्ही दोघं सकाळी डबे घेऊन बाहेर पडतो. ते ह्यांना टोचतं, बोलून दाखवत नाहीत. म्हणून मग असा भारीतला डबा.

आईंनाही विचारलं, नाही असं नाही. आई म्हणाल्या, "कशाला गं एवढा खर्च? मला नाही त्रास होत आवाजाचा. असलेला बरा वाटतो."

आम्ही हसलो. आई सगळ्यालाच बरं म्हणतात. डाळ अळणी झाली तरी बरी, उन्हाळा तापला तरी बरा. त्यांचं कोण मनावर घेतंय!

मशीन आलं. काळं, गुळगुळीत. ह्यांनी जोडलं, ताईंनी रेंडर लावलं, आम्ही सगळे मागे उभे.

"लागलं का?" मी विचारलं.

"झालंसुद्धा," ताई म्हणाल्या, आणि किती दिवसांनी खळखळून हसल्या.

आमच्या ह्यांनी डब्याला कान लावून बघितलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ते घेण्याच्या आड येत होते.

ताईंचं काम सुसाट सुटलं. नवीन गिऱ्हाइकं धरली. एक चित्र संपलं की दुसरं, मध्ये थांबायला काही कारणच उरलं नाही. घर कसं शांत. आणि पंख्याचा आवाज गेला तशा आईंच्या हाकाही गेल्या. ताई ठरल्या वेळी जेवायला वाढत, बाथरूमला नेत, तेवढंच. आम्ही एकमेकांना म्हटलं, बघा, गुण आला. किती निवांत झाल्यात. मी तर आमच्या ह्यांना म्हटलंसुद्धा, की चला, डब्याचे पैसे वसूल झाले हो. आता आठवलं की स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटते.

एका दुपारी डबा विसरला म्हणून मी जेवायला घरी आले. पुढच्या खोलीत ताई स्क्रीनमध्ये डोकं खुपसून कुणाच्या तरी स्वयंपाकघराला फरशा लावत होत्या. मी आईंच्या खोलीत गेले तर पलंग रिकामा. आई खाली जमिनीवर होत्या. पलंगाला पाठ टेकवून, पाय पसरून बसलेल्या. वॉकर हाताच्या पलीकडे आडवा पडलेला. लुगडं ओलं झालं होतं आणि त्यावर त्यांनी पलंगावरची चादर ओढून घेतली होती, कोणाला दिसू नये म्हणून.

मी धावत जाऊन त्यांच्यापाशी बसले. "आई! पडलात? कुठे लागलं?"

"पडले नाही गं. घसरत खाली बसले. लागलं नाही कुठे."

"कधीपासून बसलाय अशा?"

"झाला थोडा वेळ." हातपाय गार पडले होते. तो थोडा वेळ नव्हता.

"अहो, मग हाक मारायची ना! ताई पुढच्याच खोलीत आहेत!"

आई माझ्याकडे बघून समजावल्यासारखं म्हणाल्या, "मशीन गप्प होतं ना. मला वाटलं ती कामात आहे. पंखा लागला की मारणार होते हाक."

मी मागे वळले तर ताई दारात. किती ऐकलं कोण जाणे, पण शेवटचं ऐकलं होतं. हातात माऊस तसाच होता, बिनवायरचा, टेबलावर ठेवायचंही भान राहिलं नव्हतं.

आम्ही दोघींनी त्यांना उठवलं, धुवून पुसून कोरडं नेसवलं.  केस विंचरताना ताईंनी विचारलं, "आई, मी कधी म्हटलं होतं का गं, कामात हाक मारू नको म्हणून?"

"तू कुठे काय म्हणतेस!" आई म्हणाल्या. "पण मागे मी मधेच हाक मारली आणि तुझं माप चुकलं. ते कपाट भिंतीत बसेना. तो माणूस फोनवर किती बोलला तुला. तेव्हापासून मी आपली पंखा लागायची वाट बघते. पंखा लागला म्हणजे मशीन कामात, आणि तू मोकळी. बरं होतं ते."

त्यांना आवाजाचा त्रास नव्हताच. तो आवाज म्हणजे हाक मारायची त्यांची पाळी आल्याची खूण होती. आणि आम्ही दाम मोजून, भांडून, फोम लावून ती पाळीच बंद केली होती.

संध्याकाळी आमच्या ह्यांना सांगितलं तर ते त्या काळ्या डब्यापाशी जाऊन उभे राहिले. म्हणाले, "तू नको म्हणत होतीस तो डबा." मी म्हटलं, "मला नका त्यात शहाणं करू. मी पैशांसाठी नको म्हणत होते. आईंना काय हवंय ते मला तरी कुठे माहीत होतं?"

ताईंनी दुसऱ्या दिवशी आईंना घंटी आणून दिली. "कधीही वाजव, मी लगेच येते." आई हो म्हणाल्या. घंटी उशीखाली ठेवली ती तिथेच राहिली. रोज उशी झटकताना ती खळकन वाजायची, तेवढाच तिचा आवाज. विचारलं तर म्हणायच्या, "वाजवली की तुझं कामावरचं लक्ष उडणार ना." आपण होऊन दर थोड्या वेळानं जावं, तर आई म्हणायच्या, "आलीस कशाला? जा, काम कर. मला काही नको." पंखा लागायच्या आधी मागायचं नाही हे त्यांनी मनाशी इतकं घट्ट धरलेलं, की कोणी सोडवू शकेना.

शेवटी आमच्या ह्यांनीच माळ्यावरून जुना कॉम्प्युटर उतरवला. आतलं सगळं काढून टाकलं, फक्त डबा आणि तो पंखा ठेवला. पंख्याला वायर जोडून ताईंच्या टेबलावर एक बटण बसवलं. नव्या, काळ्या, गुळगुळीत मशीनशेजारी तो गंजका डबा. बटण दाबलं, आणि तीच घरघर, तोच आरडाओरडा.

आम्ही तिघं मागच्या खोलीकडे कान लावून उभे.

"अगं ए, आहेस का?"

ताई धावत गेल्या. "काय हवंय आई?"

"काही नको गं," आई म्हणाल्या. "पंखा लागला म्हणून हाक मारली. किती दिवसांनी लागला! बाहेर ऊन आहे का?"

ताई बसल्या त्यांच्याजवळ. ऊन कुठवर आलंय ते सांगितलं, कुणाच्या स्वयंपाकघराला कोणती फरशी लावली ते सांगितलं. मग आईच म्हणाल्या, जा आता. ताई परत येऊन खुर्चीत बसल्या आणि बटणाकडे हात नेला. हात तिथेच राहिला.

"दाबा ना ताई," मी म्हटलं. "काम पडलंय तुमचं."

"पूर्वी तो आपोआप थांबायचा गं," त्या म्हणाल्या. "मशीनच थांबवायचं. आता मी थांबवायचा. म्हणजे मीच सांगायचं की आई, आता बोलू नकोस."

त्यांना म्हटलं, अहो, असं काय करता, आईंना कळणारसुद्धा नाही कोणी बंद केला. त्या म्हणाल्या, मला कळेल ना.  मला चिडायचं होतं, पण चिडता येईना.

आता तो पंखा अर्धा दिवस चालूच असतो. आई हाका मारतात, ताई उठतात, बसतात, परत उठतात. नव्या मशीनवर चित्र केव्हाच तयार होऊन पडलेलं असतं, आणि पुढचं सुरू व्हायचं राहिलेलं असतं.

परवा एका कंत्राटदाराचा फोन आला. ताईंनी स्पीकरवर ठेवला होता. आमचे हे तिथेच वायर आवळत बसले होते. पंख्याच्या आवाजात त्याला ओरडून बोलावं लागत होतं.

"मॅडम, चित्र कधी देताय? नवीन मशीन घेतलंत म्हणाला होतात ना?"

"घेतलंय ना."

"मग अजून तेवढाच वेळ लागतो?"

मागून आईंची हाक आली. आमच्या ह्यांनी मान वर केली नाही. ताई उठता उठता म्हणाल्या, "हो, तेवढाच लागतो."