गोरा बुलबुल

आमच्या काकांनी आयुष्यभर लोकांचे चेहरे सुधारले. देवानं जे घाईगर्दीत उरकलं होतं, ते काका निवांत बसून दुरुस्त करत. दवाखाना आणि वह्यापुस्तकांचं दुकान यांच्या मधल्या फटीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. आत एक फिरतं स्टूल, उजेडाच्या दोन पांढऱ्या छत्र्या, तळं आणि डोंगर रंगवलेला पडदा, आणि आरशाला सुतळीनं बांधलेला कंगवा. आधीचे कंगवे गिऱ्हाइकं केसांत खोवून घरी घेऊन गेली होती.

फोटो नोकरीच्या अर्जाचा असो की लग्न जमवण्याचा, काकांच्या हातून निघाला की माणूस दोन छटा उजळ व्हायचा. मुरमं जायची, पुढे आलेले कान मागे सरायचे. एकदा एका गृहस्थांचा फोटो ऑफिसनं ‘हा अर्जदार नव्हे’ असा शेरा मारून परत पाठवला. हा किस्सा काका पदक मिळाल्यासारखा सांगत.

पुढे मोबाइल आले. लोक घरच्या भिंतीसमोर उभं राहून स्वतःच स्वतःचे फोटो काढायला लागले. काकांनी स्टुडिओ बंद केला आणि कॅमेरा, कॉम्प्युटर, स्टूल, छत्र्या, पडदा असं सगळं टेम्पोत घालून घरी आणलं.

काकू दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “माणसं रिटायर झाली की घरी येतात. तुम्ही दुकानासकट आलात.”

हाताला चाळा नसला की काका सैरभैर होत. आधी त्यांनी घरातल्यांचे फोटो काढले. मी त्यांची पुतणी, शेजारच्याच घरात राहायचे; त्यामुळे माझाही नंबर वरचेवर लागायचा. हळूहळू सगळे त्यांना चुकवायला लागले. दूधवालासुद्धा पिशवी फाटकाला अडकवून पळायचा.

अशात एका सकाळी काका मागच्या अंगणात दात घासत होते. नळाखालच्या पसरट टबात एका बुलबुलानं अंघोळ केली, लिंबाच्या फांदीवर बसून अंग झटकलं आणि मान किंचित वळवून काकांकडे पाहिलं.

तोंडातल्या फेसासकट काका ओरडले, “थ्री-फोर्थ पोझ! आणि सांगावंसुद्धा लागलं नाही!”

त्या दिवसापासून अंगणाचा स्टुडिओ झाला. लिंबामागे तळ्याचा पडदा लागला. एक छत्री नळापाशी, दुसरी काकूच्या कपडे धुण्याच्या दगडावर. स्टुलावर काका, डोळा कॅमेऱ्याला आणि तोंडाची टकळी चालू. “हां, हनुवटी खाली. अजून थोडी. ताई, जरा उजेडाकडे बघा. अहो, चाललात कुठे? एकच, एकच राहिला!”

“माझ्याशी कधी इतक्या मऊ आवाजात बोलला नाहीत,” काकू म्हणाली.

“तू स्थिर बसतेस. तुझ्या विनवण्या कशाला करायच्या?”

खरा घोटाळा झाला तो कॉम्प्युटरवर. मी तेव्हा शेजारीच बसले होते, म्हणून खात्रीनं सांगू शकते. काकांनी बुलबुलाचा फोटो मोठा करून पडद्यावर घेतला आणि चुकचुकले.

“चेहरा बघ. पार काळवंडलाय.”

“काका, तो काळाच असतो.”

“असं सगळेच म्हणतात. फोटो हातात पडल्यावर मात्र एकानंही तक्रार केली नाही.”

त्यांनी तोंड उजळवलं. डोक्यावरचा तुरा विस्कटलेला वाटला म्हणून चापून बसवला. डोळ्यात ठिपक्याएवढी चमक सोडली. मग फोटो आणखी मोठा करत ते शेपटीपाशी आले आणि थबकले. शेपटीखाली लालभडक डाग होता.

“अरेरे,” काकांचा आवाज खाली आला, “पुरळ उठलंय गं बिचाऱ्याला. आणि तेही नेमकं बसायच्या जागी!”

मला हसू आवरेना, आणि माझं हसू आवरेपर्यंत काकांनी आजूबाजूच्या पांढऱ्या पिसांचा रंग उचलून तो डाग साफ पुसून टाकला होता. काम इतकं बेमालूम, की मूळ फोटो पाहिला नसता तर मीही फसले असते.

फोटो त्यांनी हौसेनं आमच्या ताईला, म्हणजे त्यांच्या मुलीला पाठवला. ताई आता दुसऱ्या गावी असते, पण आमच्या गावच्या पक्षी बघणाऱ्यांच्या मंडळात अजून आहे. तिनं तो ‘बाबांनी आमच्या अंगणात टिपलेला’ असं लिहून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी तिचा फोन आला, आवाज चढलेला.

“बाबा, हा पक्षी खरंच आपल्याकडचा आहे?”

“मग काय माझ्या सासुरवाडीचा? आपल्या लिंबावरचा आहे.”

“अजून येतो?”

“रोज येतो. अंघोळीला.”

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. पण गोऱ्या तोंडाचा, पांढऱ्या बुडाचा, बिनतुऱ्याचा असा पक्षी मंडळातल्या कुणीच जन्मात पाहिला नव्हता.

रविवारी उजाडताच फाटकासमोर गाड्या लागल्या. मळकट हिरव्या कपड्यांतली माणसं, हातात तोफेसारख्या लेन्स. पुढे मंडळाचे प्रमुख, विमा कचेरीतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना दुर्बिणवाले सर म्हणत. पक्षी बुजू नयेत म्हणून कुजबुजत बोलायची त्यांना इतकी सवय, की ते फोनवरही कुजबुजत. मंडळी काकूच्या वाळत घातलेल्या चादरींआड दबा धरून बसली.

काकू चहा घेऊन आली. “साखर सगळ्यांना चालते ना?”

“श्श्श!” सगळे एकदम म्हणाले. स्वतःच्या घरात काकूला आजवर कुणी गप्प बसवलं नव्हतं. तिनं ट्रे दगडावर आदळला आणि ती स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी राहिली.

बुलबुल आले, अंघोळ करून गेले. मंडळींनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग काका आनंदानं उठलेच. “आला! तो बघा, लिंबावर!”

“कुठे?” सर कुजबुजले.

“तो काय समोर! हाच तो.”

“तो साधा बुलबुल आहे हो. तोंड काळं आहे त्याचं.”

“हां, ते मूळचं तसंच. मी उजळवलं.”

सरांनी दुर्बीण खाली घेतली. “आणि शेपटीखालचा लाल रंग?”

“पुरळ होतं. काढलं.”

चादरीआड कुणाचा तरी कप बशीवर वाजला. सरांचा चेहरा आधी पांढरा आणि मग तांबडा झाला. त्यांनी या पक्ष्यावर लेख लिहून मंडळाच्या अंकात छापायला दिला होता, नावसुद्धा सुचवलं होतं.

“ही शुद्ध फसवणूक आहे!” ते गरजले. त्यांचा खरा आवाज मंडळानंही पहिल्यांदाच ऐकला असावा. अंगणातली झाडून सगळी पाखरं उडाली.

काका स्टुलावर मटकन बसले. “फसवणूक? अहो, जन्मभर हेच तर केलं. कुणी असं बोललं नाही.”

“मी बोलणार होते,” दारातून काकू म्हणाली.

सगळ्या माना वळल्या.

“लग्न झाल्यावर पहिला फोटो काढलात माझा. हनुवटीवरचा तीळ पुसलात. माझ्या आईनं फोटो बघून विचारलं, ही कोण गं? मला विचारलं होतंत, पुसू का म्हणून?”

“अगं, तू छान दिसावीस म्हणून...”

“म्हणजे मी छान दिसत नव्हते?”

पाहुण्यांची पंचाईत झाली. नवराबायकोच्या भांडणात थांबायचं कसं, आणि हातात काकूचे कप असताना निघायचं कसं! शेवटी एकेकानं कप विसळून नळापाशी पालथे घातले आणि सगळे मांजरपावलांनी गेले.

काका बरेच दिवस कॅमेऱ्याला शिवले नाहीत. जेवताना समोर बसून काकूच्या हनुवटीकडे चोरून बघायचे. मग एक दिवस मूळ फोटो घेऊन स्वतः सरांच्या घरी गेले. सरांनी दार उघडलं, पण आत या म्हणायला वेळ घेतला. काकांनी भिंतीवरचे सरांनी काढलेले फोटो पाहिले. सगळे हललेले. न राहवून ते म्हणाले, “सर, बटण दाबताना श्वास सोडता का हो तुम्ही?” त्यावरून जे बोलणं सुरू झालं ते जेवणाच्या वेळेपर्यंत चाललं.

आता रविवारी दोघं मागच्या अंगणात असतात. काका सरांचे हात स्थिर करतात आणि सर काकांचे आवरतात. फोटोतला उजेड कमीजास्त करायला परवानगी आहे, धूळ झटकायलाही आहे. पिसाला हात लावायचा नाही. तळ्याचा पडदा सरांनी पहिल्याच दिवशी गुंडाळायला लावला.

गेल्या आठवड्यात काकांनी काकूला स्टुलावर बसवलं. तिनं आढेवेढे घेतले आणि साडी बदलून आली. फोटो कॉम्प्युटरवर आला तशी ती चष्मा लावून पुढे वाकली.

“तीळ आहे,” ती म्हणाली.

“आहे.” काका माउसवरून हात उचलून बसले होते.

काकू बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “अहो, डोळ्यांपाशी एवढ्या सुरकुत्या आहेत माझ्या? त्या जरा कमी करा की.”

“छे छे,” काका म्हणाले, “सर रागावतील.”