तिसऱ्या दरोडेखोराची दोन पानं

पडदा वर जातो. स्थळ: दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावचं एक स्वयंपाकघर. केकच्या डब्यावर लॅपटॉप, शेजारी अर्धी खाल्लेली पेस्टी, म्हणजे खिम्याची भाजलेली करंजी, आणि टेबलाशी जुन्या नाटकातला मखमली झगा घालून बसलेला मर्व्ह पेनहॉल, वय एकोणऐंशी. पेशा नट, म्हणजे तो स्वतः तसं सांगे.

हक्क संपलेल्या जुन्या पुस्तकांची देखणी ई-पुस्तकं करून ती फुकट वाटणारी काही हौशी मंडळी आहेत. त्यांच्यात शिरून मर्व्हनं एक नाटक मागून घेतलं होतं. सोन्याच्या खाणीवरचं, दरोडेखोरांचं. याच नाटकात तिसरा दरोडेखोर होऊन तो अकरा वर्षं गावोगाव हिंडला होता. जाहिरातीत त्याचं नाव कधी आलं नाही. 'आणि इतर' म्हणजे तो. या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मात्र ते तयार करणाऱ्याचं नाव येणार होतं. त्या एका ओळीसाठी तो चार महिने स्वल्पविराम वेचत होता.

फोन वाजला. होबार्टहून ग्लेनिस रॅडफर्ड. तिनं तपासून होकार दिल्याशिवाय पुस्तक बाहेर पडत नसे.

"मर्व्ह, तिसऱ्या अंकात हा दरोडेखोर दोन पानं बोलतोय रे! मेंढीचा विनोद काय, सासूचा काय..."

"हशा असायचा तिथं! पोर्ट पिरीच्या प्रयोगाला एक बाई हसून खुर्चीतून पडली होती."

"डुलकी लागली असेल. छापील पानावर काय आहे?"

सगळं नाटक त्यानं जुन्या पानांच्या फोटोंशी ओळीओळीनं ताडलं होतं. फक्त हा प्रवेश सोडून. आपलीच भूमिका, त्यात काय बघायचं? डोळे मिटून टाइप केला होता. आता त्यानं चष्मा चढवून फोटो उघडला.

"एकच वाक्य आहे गं. 'घोडे तयार आहेत.'" त्यानं चष्मा काढला. "अकरा वर्षं मी म्हणत होतो, लेखकाचे विनोद पडतात. ते माझे होते."

"दोन पानं काढ. नाहीतर पुस्तक नाही, आणि तुझं नावही नाही."

मेंढी लगेच गेली. सासूला काढणं मात्र जिवावर आलं.

"सुधारलेला अंक मिळाला," थोड्या वेळानं ग्लेनिस म्हणाली. "नाव मर्व्हिन हेडन पेनहॉल. बरोबर? मग सोडू का पुस्तक बाहेर?"

मर्व्ह उठला. झगा सावरून फ्रिजसमोर ताठ उभा राहिला.

"घोडे तयार आहेत. बघ, एक शब्द तरी जास्त बोललो का?"