खुंटीवरची छत्री

शकू सकाळी उठली की आधी पडवीतल्या खुंटीकडे बघायची. तोंड धुण्याआधी, चुलीशी जाण्याआधी. वर्षाचे अकरा महिने त्या खुंटीवर काहीच नसे. तरी पाच वर्षांची असल्यापासून पंधरा वर्षांची होईपर्यंत तिचा हा नेम चुकला नाही.

शिमग्याला तिचा बाप काशीराम मुंबईच्या गिरणीतून घरी आला की त्या खुंटीवर त्याची काळी छत्री लागे. छत्री आहे म्हणजे बाप आहे, एवढं तिला पुरत असे.

१९२५च्या शिमग्यानंतर एका सकाळी आई, सोनूबाई, तिला म्हणाली, "जा गो, आंब्याखाली कैऱ्या पडल्यायत, वेचून आण." शकूने परकराचा ओचा भरून कैऱ्या आणल्या. त्यातली सगळ्यात मोठी तिने बापासाठी वेगळी हातात धरली होती. पडवीत आली तर खुंटी मोकळी.

गावाची रीतच तशी होती. चाकरमान्याने पोरांच्या नकळत निघायचं. पोर रडत मागे लागलं तर बोटीला ते चांगलं नाही म्हणत, आणि पोराचाही जीव उगाच तुटतो म्हणत. कुणी पोराला विहिरीवर धाडी, कुणी शेजारी खेळायला. संध्याकाळपर्यंत पोरं विसरत. निदान विसरली असं मोठ्यांना वाटे.

शकू त्या दिवशी रडली नाही. ती मोठी कैरी तिने खुंटीखाली ठेवली. सुकून काळी पडली तेव्हा आईने ती उचलून टाकली.

पुढच्या वर्षी निघायच्या दिवशी छत्रीच सापडेना. काशीरामने पोट मारून घेतलेली छत्री. ती टाकून त्याला जाववेना. माळा पाहिला, गोठा पाहिला. शेवटी घरामागच्या परड्यातल्या पेंढ्याच्या उडवीत ती मिळाली, तोवर मुसाकाजीच्या बंदरातून आगबोट सुटून गेली होती. त्याने शकूच्या थोबाडीत मारली. मग पुढच्या बोटीपर्यंत दोन दिवस तो घरीच होता. शकू त्याच्या मांडीला टेकून जेवली. गाल सुजलेला होता, पण त्या दोन दिवसांत ती फार आनंदात होती, असं सोनूबाई पुढे सांगायची.

तिथून ते सुरू झालं. घरी आलेलं माणूस उठायला लागलं की त्याचं काहीतरी नाहीसं व्हायचं. मामाच्या वहाणा. कासाराचा बांगड्यांचा दोरा. पोथी सांगायला आलेल्या भटजींची पंचपात्री. सगळं उडवीतच मिळायचं, जसंच्या तसं. पण गावाने नाव ठेवलं ते ठेवलंच. "सोनूबाय, तुझी चोरटी खंय हाय? बांधून घाल, आमी बसताव," असं म्हणत बायका हसत हसत पडवीत टेकायच्या. सोनूबाईही हसायची, आणि त्या गेल्या की शकूला बडवायची.

अकराव्या वर्षी तिची एकुलती मैत्रीण जनी लग्न होऊन सासरी निघाली. ओटी भरताना शकू पुढे झाली आणि जनीच्या मनगटाला कडकडून चावली. रक्त आलं. मग गुरवाने देवाला कौल लावला, काळा दोरा बांधला, कोंबडं झालं. शकू दोरा बांधून घेताना नीट हात पुढे करून बसली होती. कुणीतरी आपल्याकडे इतका वेळ बघतंय, हे तिला आवडलं असावं.

तेराव्या वर्षानंतर ती गप्प होत गेली. शिमगा जवळ आला की जेवण तुटायचं. होळीची ढोलकी वाजू लागली की ती सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळावर, जाऊन बसायची. तिथून समुद्रावरचा बोटीचा धूर दिसतो. बाप घरी असला तरी त्याच्याशी बोलायची नाही, त्याने आणलेल्या परकराची घडी मोडायची नाही. १९३४ साली काशीराम निघताना बायकोला हळूच म्हणाला, "पुढल्या शिमग्याक नाय येत मी. कशाला येव? पोर तोंडाकडं बघत नाय."

हे शकूने भिंतीआडून ऐकलं. त्या दिवसापासून ती सकाळी खुंटीकडे बघताना थोडा जास्त वेळ थांबू लागली.

त्या दिवाळीनंतर नाटे गावाहून गोदूबाई कोळीण मासे घेऊन यायला लागली. भात घ्यायची, मासे द्यायची, पडवीत घटकाभर बसायची. एकदा उठली तर डोक्यावर पाटीखाली ठेवायची चुंबळ गायब.

सोनूबाई काठी शोधायला लागली. गोदूबाईने हात वर केला. "थांब गो वयनी. काय गो पोरी, चुंबळ लपवलीस म्हणून मी काय हितंच ऱ्हावून भात लावू? माझा घोव मारील मला."

शकूच्या तोंडावर हसू आलं आणि गेलं.

"ऱ्हावूं दे तुझ्याकडं," गोदूबाई म्हणाली. "मी पदराची करतंय आज. उद्या येणार, तेव्हा दे. परवा नाय येणार हां, परवा राजापूरचा बाजार."

दुसऱ्या दिवशी ती आली, तरी शकूने चुंबळ दिली नाही. तिसऱ्या दिवशी आली नाही. चौथ्या दिवशी शकू चुंबळ हातात घेऊन बांधावर उभी होती.

महिनाभराने गोदूबाई सोनूबाईला म्हणाली, "आमचे दर्यात जातात, ते पोरांचं तोंड बघून जातात. बाप चोरून गेला तर पोर काय समजणार? आपणच नको झालो, असंच ना?"

सोनूबाईने हातातलं तांदळाचं सूप खाली ठेवलं. मग तिने शाळेच्या मास्तरांकडून मुंबईला पत्र लिहवून घेतलं: या, पण या खेपेला पोरीला सांगून निघायचं.

काशीराम आला. निघायच्या सकाळी तो पडवीत उभा राहिला आणि नजर जमिनीकडे ठेवून म्हणाला, "शके, दुपारच्या बोटीनं जातो मी. मे महिन्यात नाय जमणार. गणपतीतपण नाय. पुढल्या शिमग्याक येतो."

सोनूबाईने खुंटीकडे पाहिलं. छत्री नव्हती.

शकू परड्यात गेली. उडवीत कोपरापर्यंत हात घालून तिने छत्री ओढून काढली आणि कापडावरची पेंढ्याची काडी न् काडी झाडली.

बंदरापर्यंतची वाट ती बापाच्या मागून चालली, छत्री काखेत घट्ट धरून. एकदा काशीराम काटा काढायला थांबला तेव्हा तीही थांबली. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी होती, माणसं तिच्याकडे नेणाऱ्या पडावात चढत होती. शकूचे ओठ पांढरे पडले होते. पडाववाला ओरडला. काशीराम पाण्यात उतरला, वळला, आणि त्याने हात पुढे केला.

तिने छत्री दिली.

"बा, मूठ ढिली झालीय," ती म्हणाली. "जपून धर."